केंदाळाची राखण

तळ्याच्या कामावर भैरूचं नाव लागलं, त्या दिवशी दुपारी कृष्णनाथ गावसने बांगड्याच्या हुमणाला हातच लावला नाही. नुसता कोरडा भात चिवडत बसला. पद्मावतीने, त्याच्या बायकोने, थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "हुमण बरां नाय जालां काय?"

"हुमणाचां काय घेऊन बसलंस? तेका मुकादम केलो."

"कोणाक?"

"भैरूक. तळ्याच्या कामार."

"बरां जालां," पद्मावती म्हणाली. "कामाचो माणूस आसा."

कृष्णनाथने ताटातच हात धुतला. बाहेर गावात कोणी काय म्हणेल याची त्याने तयारी ठेवली होती, पण 'बरां जालां' हे आपल्याच स्वयंपाकघरातून ऐकावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आमचा खैरवाडा सुर्लाच्या रस्त्याला लागून आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा कृष्णनाथचे दोन ट्रक रात्रंदिवस खनिज घेऊन धक्क्यावर जात. अख्खा वाडा त्याला शेट म्हणायचा. भैरू त्याच काळात चंदगडकडून इथे आला, मिसरूड न फुटलेला. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. गियर टाकायला त्याला कृष्णनाथनेच शिकवलं. लग्न झाल्यावर बायकोला, अनुसयाला, घेऊन तो कृष्णनाथच्या घरामागच्या खोलीत राहायचा. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की पद्मावती त्यांच्यासाठीही उंडे घ्यायची.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, टायर बसले, हौद्यात पावसाचं पाणी साचून रान उगवलं. शेवटी मिळेल त्या किमतीला गेले. जे हाती आलं त्यातून कृष्णनाथने तळ्याच्या बांधालगत पिठाची गिरण टाकली. भैरू बांधकामावर गेला. आपल्या मुलखातली, बेळगावकडची माणसं जमवून टोळी केली, वाड्याच्या दुसऱ्या टोकाला घर बांधलं. खाणी पुढे कुठे कुठे पुन्हा चालू झाल्या, पण ट्रक परत घेण्याची कृष्णनाथची उमेद राहिली नव्हती. गेल्या वर्षी भैरूच्या घरावर स्लॅब पडला. कृष्णनाथच्या घराची कौलं त्याच वर्षी दोनदा गळली. त्याबद्दल तो कोणाला काही बोलला नाही, पण सुर्लाला जाताना भैरूच्या घरासमोरून जायचं त्याने सोडलं. लांबच्या वाटेने जायचा.

तरी तळ्याची गोष्ट वेगळी होती. तळं त्याला आपलं वाटायचं.

वाड्याच्या वरच्या अंगाला हे तळं आहे आणि खाली वायंगणाची शेतं. पावसाळी भात निघालं की तळ्याच्या पाण्यावर थंडीत दुसरं भात होतं, ते वायंगण. काही वर्षांपूर्वी तळ्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, शिरलं. जांभळ्या तुऱ्यांची फुलं बघून पहिल्या वर्षी बायका खूश झाल्या, चतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीला बांधायला नेली. दुसऱ्या वर्षी पाणी दिसेना. पाणी सोडायच्या दारात केंदाळाची मुळं अडकायची, काळ्या दाढीसारखी, आणि खालच्या शेतांना पाणी पोचेना. एकेकाने वायंगण सोडून दिलं.

दर ग्रामसभेला उठून बोलणारा माणूस एकच होता. अध्यक्ष "आणि काही विषय?" असं म्हणाले की लोक हसून कृष्णनाथकडे बघायचे. तो उठायचा, शर्ट खाली ओढायचा आणि म्हणायचा, "तळ्याचां काय?" पणजीला जाऊन तो ऑफिसांच्या बाकांवर बसून आला होता. एका साहेबाने त्याला सांगितलं होतं की असली झुडपं काढायला सरकारकडे निधी असतो, पण मागणी पंचायतीकडून यावी लागते. हे गावात आणून सांगणारा तोच.

आणि निधी आला. पंचायतीच्या जैवविविधता समितीने काम करायचं, असं ठरलं. पैसे दोन टप्प्यांत यायचे होते. पावसाआधी केंदाळ काढायला पहिला, आणि हिवाळ्यात पाहणी होऊन तळं स्वच्छ राहिलेलं दिसलं तर राखणीसाठी दुसरा. समितीची अध्यक्ष आमच्या प्रभागाची पंच गौरवी, तिशीतली, बोलायला सरळ मुलगी. कामावर देखरेखीला माणूस निवडायची बैठक तिने बोलावली तेव्हा कृष्णनाथ इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आपलं नाव घेतील, मग आपण एकदा नको म्हणायचं आणि दुसऱ्यांदा विचारलं की बरं म्हणायचं, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं.

गौरवी म्हणाली, "भैरूदादांकडे माणसं आहेत, पाण्यातल्या कामाची सवय आहे. मला वाटतं त्यांनी हे बघावं."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कृष्णनाथनेही वाजवल्या, कारण शेजारी बसलेला गोकुळदास त्याच्याकडे बघत होता.

बैठक संपल्यावर त्याने गौरवीला दारात गाठलं. "बाये, येक विचारतंय. माझां नाव कोणाच्या तोंडाक इलां नाय?"

गौरवीने हातातली वही मिटली. "आलं काका. पण खरं सांगू? तुमच्या हाताखाली काम करायला माणसं भितात. तुम्ही ओरडता."

यावर तो ओरडणार होता. ओरडला नाही आणि घरी येऊन कोरडा भात चिवडत बसला.

काम सुरू झालं. गिरणीच्या जनेलातून सगळं तळं दिसत असे, हीच त्याची शिक्षा झाली. भैरूने अंगात नारिंगी जाकीट चढवलं होतं, गळ्यात शिट्टी. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून केंदाळ तोडायची, दोर लावून काठाला ओढायची. शिट्टी वाजली की सगळी एकदम थांबायची, पुन्हा वाजली की एकदम ओढायची. कृष्णनाथला ती शिट्टी चक्कीच्या आवाजातूनही ऐकू यायची. भैरू कधी स्वतः पाण्यात उतरला की तो मनात म्हणायचा, बघा, मुकादमाला जागेवर राहता येत नाही. काठावर उभा राहिला की म्हणायचा, बघा, हात भिजवायला नको याला.

दळण घेऊन आलेल्या बायकांना दुसरा विषय नव्हता.

"केवढां पाणी दिसूक लागलां, शेटानू."

"भैरून काम बरां काढलां."

"हां," कृष्णनाथ म्हणायचा आणि दळण जाडं काढून द्यायचा. दोघीतिघींनी परत आणून दाखवलं.

वर्तमानपत्रात गौरवीचा आणि भैरूचा फोटो आला. भैरूच्या हातात केंदाळाचा गड्डा, चेहऱ्यावर ऊन आल्यामुळे डोळे बारीक केलेले. कृष्णनाथने ते पान दोनदा वाचलं. ग्रामसभेतल्या मागणीचा उल्लेख होता. 'ग्रामस्थांच्या मागणीनुसार' असा. ग्रामस्थ म्हणजे मी, असं तो पद्मावतीला म्हणाला. तिने मान हलवली आणि एका भांड्यात चहा ओतून पदराखाली धरला.

"खंय चललंस?"

"काठार. माणसां उन्हात आसत."

"आमच्या घराकडसून च्या जातलो?"

"कायम जायत इलो," ती म्हणाली. "तेव्हा भैरू आमच्या ट्रकार होतो, इतक्याच."

त्याच आठवड्यात भैरू स्वतः गिरणीत आला. दारातच थांबला, चपला काढल्या. नारिंगी जाकीट काढून हातावर घेतलं होतं.

"मालक, एक काम हुतं."

अजून मालक म्हणायचा. त्याने नाव घेऊन हाक मारली असती तर कृष्णनाथला भांडता तरी आलं असतं.

"बोल."

"काढल्यालं केंदाळ टाकायला जागा पायजे. तळ्याच्या काठाला ठेवून चालत न्हाई, पावसानं परत पाण्यात जातंय. तुमचं भाट हाय नव्हं रस्त्यापलीकडं, त्याला उतार तिकडल्या बाजूला हाय. तिथं टाकलं तर तळ्यात परत येत न्हाई. कुजून खत बी हुईल, तुमच्या काजूला."

भाट म्हणजे त्याची काजूची आणि माडांची जमीन. दुर्लक्षित पडली होती, कुंपणही धड नव्हतं. हो म्हणायला काही जात नव्हतं. आणि भैरू म्हणत होता ते बरोबर आहे हे त्याला कळत होतं, म्हणूनच अधिक राग आला.

"माझां भाट कोयर टाकूक नाय," तो म्हणाला.

"कचरा न्हाई मालक, आठ दिसांत वाळून जातंय."

"मुकादम तू. जागा तुया बघूक होयी. सरकारान पैसे दिले मरे तुका?"

"गाडीनं लांब न्यायचं पैसं त्यात धरल्यालं न्हाईत. मी गौरवीताईस्नी इचारलं. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"मगे तिकाच परत विचार."

भैरूने चपला घातल्या. जाताना वळून म्हणाला, "बरं मालक." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे कृष्णनाथला दिवसभर चैन पडलं नाही.

केंदाळ बांधाच्या टोकाला, काठावरच रचलं गेलं. भैरूच्या मनात होतं की वाळलं की हलकं होईल, मग कुठेतरी हलवू. वाळायच्या आत पहिल्या सरी येऊन गेल्या.

पण त्याआधी तळं मोकळं झालं आणि पंचायतीने बांधावर छोटा कार्यक्रम केला. नारळ फुटला, पाणी सोडायचं दार उघडून दाखवलं. इतक्या वर्षांनी स्वच्छ पाणी धावत खाली गेलं आणि म्हाताऱ्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. कृष्णनाथला दुसऱ्या रांगेत खुर्ची होती. पहिल्या रांगेत भैरू आणि अनुसया. अनुसयाने नवी साडी नेसली होती आणि ती सारखी पदर सारखा करत होती, कारण सगळे बघत होते. भैरूला शाल घातली तेव्हा तो वाकून उभा राहिला, आणि परत येताना सगळ्यांसमोर खाली वाकून कृष्णनाथच्या पाया पडला.

"हेनी मला हिथं आणलं," तो म्हणाला. "हे नसतं तर मी गावाकडं ऊस तोडत बसलो असतो."

लोकांना फार बरं वाटलं. कृष्णनाथने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवताना त्याला वाटलं, मानही आता हाच वाटणार, आणि मी तो दुसऱ्या रांगेत बसून घ्यायचा.

श्रावणात एका सकाळी गिरण उघडायच्या आधी कृष्णनाथ तळ्याच्या दारापाशी गेला. दाराच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पाणी संथ असतं, तिथे केंदाळाची काही रोपं तरंगत होती. तळहाताएवढी, तकतकीत हिरवी, देठ फुगलेले. काठावरच्या ढिगाचा खालचा भाग पावसाने घसरून पाण्यात आला होता हेही दिसत होतं.

तो उकिडवा बसला. हात लांब केला असता तर पोचला असता. एका बालदीत सगळी मावली असती.

त्याने हात लांब केला नाही. उठला, इकडेतिकडे बघितलं आणि गिरणीत गेला. त्या दिवशी त्याने दळण बारीक काढलं आणि बायकांशी दोन शब्द जास्त बोलला. घरी जेवणही बरं गेलं. पद्मावतीने विचारलं, "आज बरे दिसतास?" तो म्हणाला, "पाऊस बरो आसा."

मग त्याला सवय लागली. कोणी आपल्या परसातली काकडीची वेल बघायला जावं तसा तो रोज सकाळी दारापाशी जायचा. एका रोपाला बाजूला देठ फुटून दुसरं रोप झालेलं दिसायचं. ती चार बाजूंना पसरताना दिसायची. तो कोणाला सांगत नव्हता. मनात बैठकीचं चित्र रंगवायचा. गौरवी खाली मान घालून बसली आहे, भैरू उत्तर देऊ शकत नाही, आणि कोणीतरी म्हणतं आहे, 'कृष्णनाथशेटाक दिलां असतां तर...' इथपर्यंत आलं की तो थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून रंगवायचा.

आपण चूक करतो आहोत असं त्याला वाटायचं का? वाटायचं. पण तो स्वतःला म्हणायचा, राखण माझ्याकडे नाही. ज्याला शाल घातली त्याने बघावं.

चतुर्थीला भैरू आणि अनुसया गणपती बघायला आली. दरवर्षी येतात. अनुसयाने केळ्यांचा घड आणला होता. ती आत पद्मावतीकडे गेली, पुरुष दोघे माटोळीखाली बसले. कृष्णनाथला राहवलं नाही.

"तळां बरां आसा मां?" त्याने विचारलं.

भैरू गणपतीकडे बघत होता. "बरं हाय मालक."

"दारापाशी वगैरे?"

"समदं बरं हाय."

माहीतच नाही याला, कृष्णनाथला वाटलं. मुकादम म्हणवतो आणि दारापर्यंत जात नाही. त्याला इतका आनंद झाला की त्याने भैरूच्या हातावर आणखी एक मोदक ठेवला.

दसरा झाला. पाणी संथ झालं, ऊन वाढलं आणि केंदाळाने वेग घेतला. आता लपण्यासारखं राहिलं नव्हतं. बांधाच्या बाजूने हिरवा पट्टा झाला आणि दिवाळी होईपर्यंत जवळजवळ अर्धं तळं झाकलं. पाहणीला साहेब आले, बांधावर उभे राहिले, फोटो काढले. ते काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की ह्या स्थितीत दुसरा टप्पा देता येणार नाही, तळं स्वच्छ करून पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी मागा.

गौरवीने बैठक बोलावली. कृष्णनाथने मनात रंगवली होती अगदी तशीच झाली. गौरवी म्हणाली, "जबाबदारी माझी आहे. केंदाळ टाकायची जागा आधी ठरवायला हवी होती, ती मी ठरवली नाही." पण तिचं कोणी ऐकून घेतलं नाही. सगळ्यांचा रोख भैरूवर. तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता, जाकीट नव्हतं.

"सरकाराचे पैसे इले ते पाण्यात गेले," भिकाजी म्हणाला. त्याने या वर्षी पुन्हा वायंगण घालायचं म्हणून तरव्यासाठी बियाण्याचं भात राखून ठेवलं होतं.

"घाट्याक मुकादम केल्यार असांच जातलां," कोणीतरी मागून बोललं. "तेचो गाव हयसर आसा काय? तेका तळ्याचां काय पडलां?"

भैरूने त्या माणसाकडे बघितलंही नाही.

आणि मग गोकुळदास म्हणाला, "कृष्णनाथशेटाक दिलां असतां तर तळ्यार एक पान दिसाक नाय असतां. तो रोज सकाळी दारापाशी जाता. मी बघलंय."

सगळ्यांनी कृष्णनाथकडे मान वळवली. त्याने मनात ऐकलेलं वाक्य हेच होतं, शब्दाला शब्द. त्याने आता उठायचं, शर्ट खाली ओढायचा आणि बोलायचं, एवढंच बाकी होतं. तो उठला. त्याची नजर भैरूच्या नजरेला भिडली. भैरू त्याच्याकडे बघत होता तो रागाने नव्हे. वाट बघितल्यासारखा.

"माका काय सांगूचां नाय," कृष्णनाथ म्हणाला आणि खाली बसला.

घरी त्याने पद्मावतीला बैठकीत काय झालं ते सांगितलं, घाटी म्हणाले तेही. ती तांदूळ निवडत होती. "तुमी काय बोललास?"

"काय नाय."

"घाटी म्हटल्यानी तेव्हाय?"

"नाय."

ती सूप घेऊन आत गेली. त्याला तिथे बसवेना. दिवेलागण झाली होती. कित्येक महिन्यांनी तो जवळच्या वाटेने, भैरूच्या घराकडे निघाला.

भैरू स्लॅबखालच्या ओट्यावर बसला होता. त्याला बघून उठला, आतून खुर्ची आणली. कृष्णनाथ बसला नाही.

"तुका माहीत होतां?" त्याने विचारलं. "केंदाळ परत येता तां?"

"व्हय."

"कधीपासून?"

"नारळी पुनवेच्या आधीपासनं."

"मगे चवथीक माका खोटां कित्याक बोललंस?"

भैरूने टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला. "तुम्ही इचारलं म्हणून. दुसऱ्या कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही हसला असता मालक. नसता हसला, तरी मनात म्हटलंच असतं, बघा, याला जमलं न्हाई. मला ते नको हुतं. म्हटलं, फटफटायच्या आत जाऊन एकट्यानंच काढू, कुणाला कळायचं न्हाई. चार दिस काढलं बी. पण काठावरचा ढीग रोज घसरायचा. माणसं लावायची तर गौरवीताईस्नी सांगाय लागणार, मग गावभर हुणार."

"आणि?"

"आणि मग एके दिवशी मी येत हुतो तवा तुम्ही दारापाशी बसल्यालं बघितलं. मी माडाआड थांबलो. म्हटलं, झालं, मालकानी बघितलं, आता आजच पंचायतीत सांगत्यात. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या तोंडानं सांगायची पाळी टळली. पण तुम्ही सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिशी पण बसला. रोजच बसायला लागला." त्याने मांडीवरच्या टॉवेलची घडी घातली. "मला कळंना. मी तुमच्या सांगण्याची वाट बघत राहिलो, आणि केंदाळ वाढत राहिलं."

आतून अनुसया चहा घेऊन आली. तिने तो ओट्यावर ठेवला आणि आत गेली. तिने 'या मालक' म्हटलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

कृष्णनाथला बोलायचं बरंच होतं. मी भाट दिलं असतं तर, असं काही तरी. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुझां घर बरां जालां," तो म्हणाला. "स्लॅब बरो आसा. आतून बघूक नाय अजून."

"या की आत," भैरू म्हणाला.

तो आत गेला आणि खरंच सगळं घर फिरून बघितलं. भिंती, मोरी, देवघर, वर जाणारा जिना. प्रत्येक गोष्ट बघताना त्याला ती आपल्याकडे नसल्याचं वाईट वाटत होतं, आणि तरी तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो गौरवीच्या घरी गेला. "केंदाळ माझ्या भाटात टाका," तो म्हणाला. "आणि त्या वेळीय टाकूक दिलां असतां तर आज ह्यां जालां नसतां. भैरून मागलेलां. मी नाय म्हटलां. ह्यां लोकांक सांग."

"मी सांगू?" गौरवी म्हणाली. "तुम्हीच सांगा, काका."

ग्रामसभेत सांगायची वेळ आली नाही. त्याने गिरणीत सांगितलं. दळण घेऊन जो येईल त्याला, पीठ पिशवीत भरता भरता. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी तोंडावर सुनावलं. भिकाजीने महिनाभर दळण सुर्लाला नेलं.

निधी नव्हताच, म्हणून घरटी एक माणूस उतरला. भैरूची टोळीही आली, रविवारचे रविवार. पण पाणी सोडायची वेळ जवळ आली होती आणि सगळं तळं निघणं शक्य नव्हतं. दाराकडचा अर्धा भाग मोकळा केला, मध्ये दोर बांधून बांबू अडकवले, पलीकडचं तसंच ठेवलं. पाणी पोचलं ते खालच्या जवळच्या शेतांना. भिकाजीचं वायंगण झालं. कृष्णनाथचं शेत टोकाला, तिथे पाणी गेलं नाही. ते पडीकच राहिलं. त्याबद्दल कोणी त्याला काही म्हणालं नाही, आणि त्यानेही कोणाला काही म्हटलं नाही.

केंदाळ त्याच्या भाटात वाळत पडलं. चढावर गड्डे ओढताना भैरूची माणसं कानडीत काहीतरी विनोद करायची, भैरू हसायचा, वाड्यातली पोरंही न कळता हसायची. कृष्णनाथ कुंपणापाशी उभा राहून बघायचा. त्याच्या विनोदावर एवढी माणसं कधी हसली नव्हती. तो आठवून बघायचा, ट्रकच्या दिवसांतसुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात उरलेलं तळं काढलं, आणि त्या हिवाळ्यातल्या पाहणीनंतर राखणीचा टप्पा मिळाला. गौरवीने यावेळी दोघांची नावं घातली. आधी भैरूचं, मग कृष्णनाथचं. बाराखडीने पाहिलं तर आपलं आधी यायला हवं होतं, असं कृष्णनाथ पद्मावतीला म्हणाला. ती म्हणाली, "मगे जावन सांगा तिका." तो गेला नाही.

आता दर मंगळवारी दोघे तळ्याला फेरी घालतात. भैरू एका काठाने निघतो, कृष्णनाथ दुसऱ्या, आणि वरच्या टोकाला भेटतात. परवाच्या मंगळवारी भैरू हातात एक इवलंसं रोप घेऊन आला, मुळांतून पाणी गळत होतं.

"खंय गावलां?"

"तुमच्याच काठाला मालक. लव्हाळ्यात हुतं. तिकडनं दिसलं, म्हणून वळून आलो."

कृष्णनाथने ते त्याच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि रस्ता ओलांडून भाटात फेकून आला. मग भैरूला तिथेच उभं ठेवून तो आपल्या काठाने पुन्हा पहिल्यापासून चालत गेला, या वेळी हळू, लव्हाळ्यात काठी घालत. ऊन चढेपर्यंत तो शोधत होता. दुसरं एकही सापडलं नाही, तेव्हा गिरण उघडायला गेला. बाहेर बायका पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या.